पाटावरचा सूर

बदलापूरच्या एका शाळेत सुट्टीतील विज्ञान शिबिरासाठी गेलो होतो, तेव्हाची गोष्ट. नववीच्या चार विद्यार्थ्यांनी ब्रेडबोर्डवर एक सर्किट जोडले होते. व्होल्टेज वाढवले की सूर चढतो आणि कमी केले की उतरतो, असा तो आंदोलक होता. सिंथेसायझर या इलेक्ट्रॉनिक वाद्याचा हा पहिला आणि मुख्य भाग. सकाळी त्यांनी तो हार्मोनियमच्या काळी एकशी जुळवून ठेवला. दहाच्या सुमारास उकडू लागले म्हणून कोणीतरी पंखा लावला आणि सूर सरकला. पंखा बंद केल्यावर थोड्या वेळाने तो जवळजवळ जागेवर आला. मुलांनी आकृती तीन वेळा ताडून पाहिली. प्रत्येक जोड बरोबर होता. शेवटी त्यांच्यातली एक मुलगी म्हणाली, "सर, आकृती बरोबर आहे, जोडणीही बरोबर आहे. म्हणजे आम्हालाच हे जमत नाही."

प्रयोग फसल्याचे मला फार वाटले नाही. तिने काढलेल्या निष्कर्षाचे मात्र वाईट वाटले. असे निष्कर्ष मुले मनाशी बाळगतात आणि पुढे विषयच सोडून देतात. वास्तविक त्या सर्किटमध्ये आकृतीत न दाखवलेला एक घटक होता, तो म्हणजे ज्यावर सर्किट उभे केले तो पाट. प्रयोगासाठी सर्किट जोडण्याच्या अनेक पद्धती आहेत आणि प्रत्येक पद्धत वेगळ्या गरजेतून जन्माला आली आहे. त्या गरजा समजल्या, तर कोणत्या कामाला कोणता पाट घ्यावा हे पाठ करावे लागत नाही.

लाकडाचा पाट

अंबरनाथच्या लोकांना 'प्रोटोटाइप' हा शब्द परका नाही. संरक्षण खात्याची मशीन टूल प्रोटोटाइप फॅक्टरी १९५० च्या दशकापासून तेथे आहे. प्रोटोटाइप म्हणजे पहिला नमुना, अर्थात चुका करण्यासाठी आणि त्या स्वस्तात दुरुस्त करण्यासाठी बनवलेली वस्तू. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९५० च्या दशकात टिफ्रॅक हा संगणक बांधला गेला, तेव्हाही आधी एक लहान नमुना-यंत्र तयार करण्यात आले. ते १९५६ मध्ये चालू झाले आणि त्यावरून शिकून बांधलेले मोठे यंत्र १९६० मध्ये कामाला लागले. म्हणून नमुन्याकडे पाहताना दोन प्रश्न विचारावेत. यात सहज बदलता येण्याजोगे काय आहे? आणि न हलणारे, पक्के काय आहे?

इलेक्ट्रॉनिक्समधला पहिला नमुना स्वयंपाकघरातून आला. १९२० च्या दशकात युरोप-अमेरिकेत हौशी लोक घरी रेडिओ बांधू लागले. मुंबईचे नभोवाणी केंद्र २३ जुलै १९२७ रोजी सुरू झाले, तोही हाच काळ. व्हॉल्व्ह, तारेची वेटोळी, कपॅसिटर हे सारे भाग तेव्हा मुठीएवढे मोठे असत. ते बसवायला पाव कापण्याचा लाकडी पाट सोयीचा पडे. त्यावर भाग स्क्रूने आवळायचे आणि तारा पितळी स्क्रूखाली किंवा स्प्रिंगच्या क्लिपमध्ये धरायच्या. दाबली की उघडणारी आणि सोडली की तार घट्ट पकडणारी फाह्नस्टॉक क्लिप अमेरिकेत १९०७ पासून होती. आज ज्या प्लॅस्टिकच्या पट्टीला आपण ब्रेडबोर्ड म्हणतो, तिचे नाव या पाटावरून पडले आहे.

या पाटाचे गुण लक्षात ठेवण्याजोगे आहेत. स्क्रूखालचा जोड घट्ट असे. तारा एकमेकींपासून बोटभर अंतरावर आणि बहुतांशी हवेतून जात, त्यामुळे एकीतून दुसरीत वीज झिरपायला वाट नसे. जागा मात्र फार लागे. पुढे पत्र्याची चौकट आली आणि तीत टॅग स्ट्रिपवर, म्हणजे कानांच्या रांगेवर, भाग सोल्डर करण्याची पद्धत रूढ झाली. जुना व्हॉल्व्हचा रेडिओ उघडून पाहिलेल्यांना ते जाळे आठवत असेल. ते दिसायला गुंतागुंतीचे असले, तरी हाती कावीया असेल तर कोणताही भाग बदलता येई.

छापलेले आणि गुंडाळलेले

छापील सर्किटची, म्हणजे पी.सी.बी.ची, गरज उलट होती. मूळचे ऑस्ट्रियाचे अभियंते पॉल आइस्लर यांनी लंडनमध्ये १९३६ च्या सुमारास तांब्याच्या पातळ पत्र्यावर रेडिओच्या जोडण्या कोरण्याचे प्रयोग सुरू केले. १९४३ मध्ये त्यांनी पेटंटसाठी अर्ज केला. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने लक्ष्याजवळ आपोआप फुटणारे तोफगोळे बनवले, त्यांतही छापील सर्किटचे तंत्र वापरले गेले. तेथे हजारो प्रती अगदी एकसारख्या हव्या होत्या आणि बनल्यावर त्यांत काहीही बदलायचे नव्हते. म्हणजेच ही पद्धत प्रती काढण्यासाठी जन्मली, शोध घेण्यासाठी नव्हे.

१९५० च्या सुमारास अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत टेलिफोन एक्स्चेंजसाठी वायर-रॅपची पद्धत विकसित झाली. चौकोनी खिळ्याभोवती तार ताणून गुंडाळली की खिळ्याच्या धारा तारेत रुततात आणि सोल्डर न करता पक्का जोड होतो. अपोलो यानातील संगणकाच्या अंतर्गत जोडण्यांतही हे तंत्र होते. हजारो जोड असलेल्या यंत्रासाठी ते उत्तम, पण त्याचे खिळे आणि हत्यारे शाळेच्या आवाक्याबाहेरची होती.

हौशी माणसाच्या उपयोगाची पट्टी १९६० च्या सुमारास ब्रिटनमधील व्हेरो कंपनीने आणली. निरोधक पाट्यावर तांब्याच्या समांतर पट्ट्या आणि त्यांत ओळीने भोके, असे हे व्हेरोबोर्ड. भाग घालून सोल्डर करायचे आणि जिथे पट्टी तोडायची तिथे ड्रिलचे टोक हाताने फिरवून तांबे खरवडायचे. पट्ट्या नसलेला, सुट्या ठिपक्यांचा असाच पाट आपल्याकडे 'जनरल पर्पज' किंवा 'झिरो पी.सी.बी.' या नावाने मिळतो.

ब्रेडबोर्ड सर्वांत शेवटी आला. १९६० च्या दशकाच्या मध्यास दोन रांगांत पाय असलेल्या आय.सी. निघाल्या. त्यांच्या पायांतील अंतर एक दशांश इंच, म्हणजे २.५४ मिलिमीटर ठरले. या पायांसाठी अमेरिकेतील ई अँड एल इन्स्ट्रुमेंट्स कंपनीच्या रोनाल्ड पोर्तुगल यांनी १९७१ च्या सुमारास आजच्या स्वरूपातील पट्टी तयार केली. मध्ये खाच, दोन्ही बाजूंना पाच-पाच भोकांच्या ओळी आणि प्रत्येक ओळीखाली धातूची स्प्रिंग. सोल्डर नको, कावीया नको. आय.सी. वापरून तर्क-सर्किटे शिकवायला ही पट्टी फार सोयीची ठरली.

तर्क-सर्किटांचा स्वभाव येथे महत्त्वाचा आहे. पाच व्होल्टवर चालणाऱ्या टी.टी.एल. आय.सी.ला ०.८ व्होल्टपर्यंतचे काहीही शून्यच वाटते आणि २ व्होल्टच्या वरचे काहीही एकच वाटते. स्प्रिंगमध्ये दहा-वीस मिलिव्होल्ट हरवले, तरी उत्तर बदलत नाही. ब्रेडबोर्डचे दोष अशा सर्किटांत झाकले जातात. ते उघडे पडतात सुरांच्या सर्किटमध्ये.

तारांनी जोडायचे वाद्य

अमेरिकेतील रॉबर्ट मूग यांनी ऑक्टोबर १९६४ मध्ये न्यूयॉर्क येथे ध्वनि-अभियंत्यांच्या अधिवेशनात आपले नवे वाद्य दाखवले. संगीतकार हर्बर्ट डॉइच यांच्या सहकार्याने ते घडले होते. त्यात आंदोलक, गाळणी, विवर्धक असे वेगवेगळे खण होते आणि प्रत्येक खण व्होल्टेजने नियंत्रित होई. नियम सोपा होता: एक व्होल्ट वाढला की सूर एक सप्तक चढायचा. कोणत्या खणाचे व्होल्टेज कोणत्या खणात न्यायचे हे वादक लोंबत्या तारांनी ठरवी.

असेच एक मूग वाद्य १९६९ मध्ये अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत आले. अमेरिकन संगीतकार डेव्हिड ट्यूडर यांनी ते तेथे बसवून दिले. गीता साराभाई, अतुल देसाई, जिनराज जोशीपुरा आदींनी त्यावर केलेल्या रचनांच्या १९६९ ते १९७२ च्या फिती नंतर कित्येक वर्षे विस्मृतीत गेल्या होत्या. त्यांतील निवडक रचना २०२३ मध्ये प्रसिद्ध झाल्या. मुंबईत केर्सी लॉर्ड यांनी १९७० च्या दशकात मिनीमूग हिंदी चित्रपटसंगीतात आणला. चरणजित सिंग यांनी १९८२ मध्ये जपानी बनावटीच्या सिंथेसायझरांवर रागांची एक तबकडी मुंबईतच ध्वनिमुद्रित केली.

मूग यांच्या पहिल्या वाद्याकडे आपल्या दोन प्रश्नांसह पाहू. प्रत्येक खणाच्या आतले सर्किट सोल्डर केलेले आणि पक्के होते. खणाखणांतील जोडण्या तेवढ्या तात्पुरत्या होत्या. म्हणजे हे वाद्य हाच एक मोठा प्रायोगिक पाट होता, पण सैलपणा कुठे ठेवायचा हे विचारपूर्वक ठरवलेला. १९७० मधील मिनीमूगमध्ये तर नेहमी लागणाऱ्या जोडण्याही आत कायम करून टाकल्या होत्या, कारण तोवर त्या कोणत्या हे अनुभवाने कळले होते.

घरी सिंथेसायझर बांधू पाहणाऱ्यांना वाट दाखवली ती मासिकांनी. एलेक्टर या मूळच्या डच मासिकाने १९७७ पासून फॉर्मंट नावाचा सिंथेसायझर क्रमशः छापला. त्यातही प्रत्येक खणाचे पी.सी.बी. स्वतंत्र होते. पुढे १९८० च्या दशकात या मासिकाची भारतीय आवृत्ती मुंबईतून निघू लागली.

दीड मिलिव्होल्टचा अर्धस्वर

आता पंख्याकडे येऊ. एका व्होल्टला सूर दुप्पट वारंवारतेचा व्हावा, यासाठी ट्रान्झिस्टरच्या एका गुणधर्माचा उपयोग करतात. त्याच्या बेस आणि एमिटरमधील व्होल्टेज सुमारे १८ मिलिव्होल्टने वाढले की त्यातून जाणारा प्रवाह दुप्पट होतो. आंदोलकाची वारंवारता या प्रवाहाच्या प्रमाणात ठेवलेली असते. म्हणून पट्टीकडून आलेला एक व्होल्ट आधी रेझिस्टरांनी विभागून १८ मिलिव्होल्टवर आणतात. सप्तकात बारा अर्धस्वर, तेव्हा एका अर्धस्वराच्या वाट्याला येतो फक्त दीड मिलिव्होल्ट. कसलेल्या कानाला अर्धस्वराच्या विसाव्या भागाएवढाही फरक कळू शकतो. तर्क-सर्किटच्या सहनशीलतेशी याची तुलना करून पाहावी.

तापमान एक अंश सेल्सियसने वाढले की त्याच प्रवाहासाठी लागणारे हे व्होल्टेज सुमारे २ मिलिव्होल्टने घटते. हा परिणाम पुसून काढण्यासाठी दोन सारखे ट्रान्झिस्टर जोडीने वापरतात. दोघांचे तापमान एकच असेल तर दोघे एकमेकांची चूक रद्द करतात. त्यांच्यात एका अंशाचा फरक पडला, तर २ भागिले १.५ म्हणजे सव्वा अर्धस्वराहून अधिक चूक होते. सा लावावा तर कोमल रेच्याही पलीकडे पोचतो. त्या मुलांनी एक ट्रान्झिस्टर पट्टीच्या एका टोकाला आणि दुसरा तापणाऱ्या व्होल्टेज रेग्युलेटरशेजारी लावला होता. आकृतीत ते दोघे शेजारीच होते, पाटावर मात्र वीतभर दूर. पंख्याने दोघांना सारखे थंड केले नाही.

दुसरा दोष स्प्रिंगचा. नव्या ब्रेडबोर्डमध्ये एका जोडाचा रोध अगदी थोडा असतो. पण भोके वापरून सैल झाली, दमट हवेत धातूवर थर चढला की तो वाढतो. समजा, शून्य व्होल्टच्या सामाईक ओळीत वाटेवर ०.१५ ओहम रोध आहे आणि त्याच ओळीतून एका एल.ई.डी.चा १० मिलिअँपिअर प्रवाह परत जातो. ओहमच्या नियमाने तेथे दीड मिलिव्होल्ट निर्माण होतो, म्हणजे पुरा एक अर्धस्वर. दिवा लुकलुकला की सूर हेलकावतो. ओहमचा नियम कानाने ऐकवणारा याहून चांगला प्रयोग मला माहीत नाही.

ब्रेडबोर्डवरचा नेहमीचा आक्षेप मात्र येथे फारसा लागू नाही. शेजारच्या ओळींत काही पिकोफॅरड धारिता असते, म्हणून रेडिओची सर्किटे त्यावर बिघडतात. पण २ पिकोफॅरडचा अडथळा १००० हर्ट्झला सुमारे ८ कोटी ओहम भरतो. ऐकू येणाऱ्या सुरांना ही वाट बहुधा बंदच असते. दोष कोणता हे वापरावर अवलंबून असते.

तिसरा दोष पावसाळ्याचा. पट्टी सोडल्यावरही सूर टिकावा म्हणून एका कपॅसिटरमध्ये व्होल्टेज साठवून ठेवतात. १० नॅनोफॅरडच्या कपॅसिटरवर एक व्होल्ट आहे आणि दमट, सोल्डरच्या राळेने चिकट झालेल्या पाटावरून १०० कोटी ओहमची गळती आहे असे धरू. गळणारा प्रवाह एक नॅनोअँपिअर इतका क्षुल्लक. तरी व्होल्टेज सेकंदाला ०.१ व्होल्टने घसरते आणि सूर सेकंदाला सव्वा अर्धस्वराच्या आसपास उतरतो. जुलैतल्या बदलापुरात हे सहज घडते. उपाय सोपा आहे. पाट आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसायचा आणि तो एक जोड पाटाला न टेकवता हवेतच सोल्डर करायचा. शंभर वर्षांपूर्वीच्या लाकडी पाटावर तारा हवेतूनच जात होत्या, याची येथे आठवण होते.

मग निवड कशी करावी?

उल्हासनगर, अंबरनाथ किंवा बदलापूरच्या शिक्षकाला सुटे भाग आणायचे तर बहुधा लोकलने दादर, तेथे गाडी बदलून ग्रँट रोड आणि मग लॅमिंग्टन रोड, म्हणजे डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, असा दिवस जातो. म्हणून आधी ठरवून निघावे.

सर्किट समजून घेण्यासाठी ब्रेडबोर्डच वापरावा. गाळणीतला कपॅसिटर बदलून आवाज कसा बदलतो हे तासाभरात वीस वेळा ऐकता येते. तेवढ्यापुरता त्याला पर्याय नाही. मात्र ट्रान्झिस्टरची जोडी आधीच एकमेकींना चिकटवून, सोल्डर करून, तिचे पाय तेवढे ब्रेडबोर्डात खोचावेत. दिव्यांची आणि सुरांची शून्य-तार वेगळी ठेवून दोन्ही वीजपुरवठ्यापाशीच एकत्र आणाव्यात.

एखादा खण मनासारखा चालू लागला की तो लगेच व्हेरोबोर्डवर किंवा झिरो पी.सी.बी.वर पक्का करावा आणि ब्रेडबोर्ड पुढच्या खणासाठी मोकळा करावा. सगळे वाद्य ब्रेडबोर्डवर उभे करण्याचा मोह टाळावा. शंभर जोडांतला एक सैल असला तरी तो शोधण्यात शिबिर संपते.

पी.सी.बी.चा विचार वर्गासाठी दहा-बारा प्रती हव्या असतील तेव्हाच करावा, कारण तो प्रतींसाठीच जन्मला आहे. घरी तो करताना तांबे खाण्यासाठी फेरिक क्लोराइड वापरतात. उरलेल्या द्रावणात तांब्याचे क्षार असतात आणि ते जलचरांना विषारी असतात. ते मोरीत ओतू नये. धुण्याचा सोडा घालून तांबे आणि लोह साक्यात खाली बसवावे आणि तो साका घातक कचरा म्हणून वेगळा द्यावा. वालधुनी नदी अंबरनाथ आणि उल्हासनगरातून वाहते. तिची दशा ज्यांनी पाहिली आहे, त्यांना याचे कारण सांगायला नको.

उल्हासनगरविषयी एक जुनी कोटी आहे, की 'मेड इन यू.एस.ए.' म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशन. फाळणीनंतर लष्करी छावणीच्या बराकींत आलेल्या निर्वासितांचे १९४९ मध्ये हे गाव झाले आणि त्यांनी छोट्या कारखान्यांतून आपला संसार उभा केला. कोटीतला विनोद सोडला तर तीत एक तथ्य आहे. हुबेहूब नक्कल करणारा माणूस वस्तू उघडून पाहतो आणि कुठला भाग कशाला टेकला आहे हे त्याला कळते. मासिकातली आकृती उतरवणाऱ्याला ते कळत नाही, कारण आकृतीत अंतर, उष्णता आणि ओल नसते.

त्या दिवशी मुलांनी दोन्ही ट्रान्झिस्टर सपाट बाजूंनी एकमेकांना चिकटवले, वर दोरा गुंडाळला आणि रेग्युलेटर पट्टीच्या दुसऱ्या टोकाला नेला. वाऱ्यापासून आडोसा म्हणून त्या मुलीने जोडीवर रिकामी काडेपेटी उपडी घातली. अंबरनाथ एके काळी काडेपेट्यांच्या कारखान्यासाठी ओळखले जाई, तेव्हा साहित्य स्थानिकच म्हणायचे. पंखा लावला. सूर किंचित हलला, पण काळी एक सोडून गेला नाही. तो किंचित का हलला हे तिने विचारले. खोलीचे तापमान बदलले की ते १८ मिलिव्होल्टच बदलतात, दर अंशाला सुमारे तीनशेवा भाग, आणि त्यासाठी तापमानाबरोबर बदलणारा खास रेझिस्टर लागतो, हे दुपारच्या सत्रात झाले.

शिक्षकांना एक सूचना करावीशी वाटते. प्रयोगवहीत साहित्य, आकृती आणि निरीक्षणे यांच्याबरोबर 'पाट' असाही एक रकाना ठेवावा. सर्किट कशावर जोडले, कोणता भाग कोणाशेजारी होता आणि हवा कशी होती, हे त्यात लिहावे. पुढच्या खेपेला सूर सरकला, तर स्वतःला नावे ठेवण्याआधी मुले तो रकाना वाचतील.